ड्रुपल मॉड्यूलची फोल्डररचना: बरेच महिने वापरल्यावर

ड्रुपल म्हणजे वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर, मॉड्यूल म्हणजे त्याला जोडायचा कोडचा संच. अशाच एका मॉड्यूलमधला नवा ब्लॉक (पानावर कुठेही बसवता येणारा तुकडा) लाइव्ह साइटवर टाकला आणि तो दिसेचना. एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही, ब्लॉकच्या यादीत नावसुद्धा नाही. क्लायंटचे फोन मात्र चालू. त्या वैतागातून हे लिहितोय.

ड्रुपल ७ वाल्यांना जुने दिवस आठवत असतील. एक इन्फो फाइल, एक डॉट मॉड्यूल फाइल, जे सुचेल ते तिच्यात कोंबा. ड्रुपल ८ पासून (२०१५) पीएसआर-४ (क्लासचं नाव आणि फोल्डर जुळायलाच हवं असा पीएचपीचा नियम) आलं आणि क्लास कुठे ठेवायचा ही आपली मर्जी राहिली नाही. एसआरसीत (src, मॉड्यूलमधलं कोडचं फोल्डर) कंट्रोलर, फॉर्म, प्लगइन अशी फोल्डरं. प्लगइनच्या पोटात ब्लॉक. सुरुवातीला मी शिव्याच घातल्या. पण दुसऱ्याचं मॉड्यूल हातात आलं तेव्हा पटलं, कारण सेटिंगचा फॉर्म शोधावाच लागला नाही.

आता त्या ब्लॉकचं. सहकाऱ्याने 'प्लगइन' फोल्डरच्या नावातला पी स्मॉल टाकला होता. विंडोजला स्मॉल-कॅपिटल सारखंच, त्यामुळे आमच्या लॅपटॉपवर सगळं झकास. सर्व्हर लिनक्सचा; त्याच्या लेखी ते फोल्डर वेगळंच. ड्रुपल ठरलेल्या जागी डोकावतं, काही नसलं तर गुपचूप पुढे जातं. बऱ्याच मॉड्यूलांत ब्लॉक नसतोच, तेव्हा दरवेळी बोंब मारू नये हे मान्य. पण एका अक्षराच्या फरकाचं फोल्डर शेजारीच असताना एखादी वॉर्निंग द्यायला काय जातं? बरं, विंडोजवर नुसतं अक्षर मोठं केलं तर बहुतेक वेळा गिटच्या (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) ते गावीही नसतं. गिट एमव्हीने (गिटची नाव बदलायची कमांड) आधी भलतंच नाव द्या, मग पुन्हा गिट एमव्हीने खरं. एका पीसाठी!

कॉन्फिगमधल्या इन्स्टॉल फोल्डरचाही ताप आहे. तिथली वायएमएल (सेटिंगची फाइल) मॉड्यूल इन्स्टॉल होतानाच वाचली जाते. नंतर फाइल बदला, कॅशे उडवा, साइट ढिम्म. अपडेट हुक लिहा (हुक म्हणजे ठरावीक वेळी ड्रुपल आपणहून बोलावतं ते आपलं फंक्शन).

ड्रुपल ११.१ ने मात्र खूश केलं. बहुतेक हुक आता एसआरसीतल्या हुक फोल्डरमध्ये क्लास करून ठेवता येतात. एका मॉड्यूलची डॉट मॉड्यूल फाइल मी सरळ डिलीट केली, काही अडलं नाही. इन्स्टॉल-अपडेटचे हुक तेवढे अजून डॉट इन्स्टॉल फाइलमध्येच.

सध्या कोड डब्ल्यूएसएलच्या (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) आत ठेवतो. नुसता लिनक्सचा कंटेनर (अ‍ॅप चालवायची वेगळी बंदिस्त जागा) वापरून भागत नाही. कोड सी ड्राइव्हवर असेल तर तोच घोळ. डब्ल्यूएसएलला खर्च शून्य. क्लायंटने त्या दिवसाचे पैसे बिलातून कापले, ते गेलेच.