ऊसतोडीला निघताना बाईच्या पिशवीत काय द्यावं?

दसरा झाला की टोळ्या निघतील. बचत गटाच्या पैशातून बायकांना पाळीसाठी पॅड घ्यावेत, कापडी घ्यावेत की कप (पाळीत आत बसवायचा, धुऊन पुन्हा वापरायचा), हा विचार तुमच्याकडे चालू असेल. आम्ही दोन हंगाम हेच करतोय, म्हणून सांगते.

पहिल्या वर्षी जनऔषधी केंद्रातले ‘सुविधा’ पॅड घेतले. २०१९ पासून ते १ रुपयाला १ मिळतात. महिन्याला १० धरले तरी ६ महिन्यांचे ६० रुपये, म्हणजे हिशोबात दुसरं काही जवळ येत नाही. पहाटे कोयता हातात घेतला की बदलायला आडोसा नाही, खाडा पडला की पैसे कापले जातात. अशा दिवसांत पॅड नक्कीच सोयीचा.

आमचं अडलं ते वापरलेला पॅड टाकायचा कुठे, यावर. कोपीपाशी, म्हणजे फडावरच्या झोपडीपाशी, ना संडास, ना कचराकुंडी. माझ्या जाऊबाईंनी कागदात गुंडाळून बांधाला पुरला. रात्रीतून कुत्र्यांनी उकरला आणि सकाळी कोप्यांपुढे चिंध्या पसरलेल्या. सासरे, दीर, मुकादम, सगळे तिथेच. त्या महिन्यापासून जाऊबाईंनी पॅडला हात लावला नाही. उरलेली पाकिटं पेटीतून तशीच परत आली. जाळावा म्हटलं तर ओला पॅड नीट जळत नाही, नुसता धुरतो.

कपाबद्दल थोडंच बोलते. केरळात आलप्पुळा नगरपालिकेने २०१९ मध्ये ‘तिंकल’ प्रकल्पातून ५,००० कप वाटले होते. मी स्वतः कप वापरते आणि नीट जपला तर तो कैक वर्षं चालतो. पण जमायला मला तीन महिने लागले, तेही घरच्या मोरीत. फडात चिकट, काळ्या हातांनी ते करा, असं मला कुणाला सांगवेना.

दुसऱ्या वर्षी घडीचे कापडी पॅड दिले. जाड शिवलेले घेऊ नका, आतले थर दुसऱ्या दिवशीही ओलसर राहतात. घडीचा पॅड उलगडला की साधा रुमाल दिसतो. आमच्या बायका आजवर कापड साडीखाली लपवून वाळवायच्या, त्यामुळे ते कधी खडखडीत वाळायचंच नाही. मग खाज, पुरळ. हा रुमाल टॉवेलशेजारी दोरीवर उघडा टाकता येतो. हंगामात ऊन भरपूर असतं, दुपारपर्यंत वाळतो.

धुवायला पाणी लागतं आणि तो हंडा बाईच आणते, हे खरं. तुमची टोळी जिथे उतरणार तिथे पाण्याचे फारच हाल असतील तर कदाचित १ रुपयाचा पॅडच बरा पडेल. आधी मुकादमाच्या बायकोला विचारून घ्या.

आम्ही यंदा प्रत्येकीला ५ घडीचे, कपड्याच्या साबणाची १ वडी आणि प्रवासापुरतं पॅडचं १ पाकीट देतोय. रंग गडद निळा, त्यावर बारीक छापा. पांढरं अस्तर लावू नका, असं गेल्या वर्षी बायकांनीच बजावलंय.