सनी रॉलिन्सचा ‘द ब्रिज’: बरेच महिने ऐकल्यानंतर

जॅझ ऐकणाऱ्या मंडळींत अमेरिकन सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्सच्या ‘द ब्रिज’ या अल्बमचं नाव निघालं की आधी पुलाची गोष्ट निघते आणि बहुतेकदा बोलणं तिथेच संपतं. गोष्ट आहेच तशी. १९५९ मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी, नाव ऐन भरात असताना रॉलिन्सने कार्यक्रम आणि रेकॉर्डिंग दोन्ही थांबवलं. लोक जेवढं कौतुक करतात तेवढं आपलं वाजवणं पक्कं नाही, असं त्याला वाटत होतं. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये त्याचं घर होतं आणि शेजारची बाई गरोदर होती. टेनर सॅक्सोफोनचा त्रास तिला नको म्हणून तो जवळच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन रियाज करू लागला. खाली ईस्ट नदी, बाजूने धडधडत जाणाऱ्या गाड्या. कितीही दमाने फुंका, तक्रार करणारं कोणी नाही. थंडीतसुद्धा तो तिथे तासन् तास वाजवत असे. १९६१ च्या अखेरीस तो परत मंचावर आला आणि १९६२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत आरसीए व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीच्या न्यूयॉर्कमधल्या स्टुडिओत हा अल्बम रेकॉर्ड झाला.

या गोष्टीनेच अल्बमचं नुकसान केलं, असं माझं ठाम मत झालं आहे. रॉलिन्स गप्प होता त्या काळात जॅझ फार वेगाने पुढे सरकलं होतं. चौकट मोडून वाजवणारा सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन न्यूयॉर्कला येऊन सगळ्यांना हादरवून गेला होता, दुसरा सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन याचा ‘जायंट स्टेप्स’ हा अल्बम येऊन गेला होता. पुलावरून उतरणारा माणूस याहून काही अचाट घेऊन येईल, अशी अपेक्षा होती. हाती आल्या सहा रचना. त्यातल्या चार जुन्या, लोकांच्या ओळखीच्या गाण्यांच्या चाली, आणि वाजवणारा ओळखू येईल असा तोच रॉलिन्स. काही समीक्षकांची निराशा झाली. आज हा अल्बम ग्रॅमीच्या हॉल ऑफ फेममध्ये आहे, पण ‘चांगला आहे, क्रांतिकारक नाही’ हा सूर अजूनही कानावर येतो.

मला तो सूर पटत नाही. नवं आहे, फक्त ते मोठ्याने सांगितलेलं नाही. पियानो काढून टाकला आहे आणि त्या जागी जिम हॉलची गिटार आहे. पियानो असला की स्वरांची जमीन सतत अंथरलेली असते आणि सॅक्सोफोनला तिच्यावरूनच चालावं लागतं. हॉल ती अंथरतच नाही. दोन-तीन स्वरांची हलकी जुळणी ठेवतो आणि बाजूला होतो. कधी कधी तर कितीतरी वेळ गप्प राहतो. गवयाची जागा पुरी होईपर्यंत हात आवरून धरणारा हार्मोनियमवाला ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हे लगेच कळेल. त्या मोकळ्या जागेत रॉलिन्सचा आवाज अंगापिंडाने केवढा मोठा आहे, ते ऐकू येतं. गोऱ्या गिटारवादकाला घेतल्याबद्दल कृष्णवर्णीय रॉलिन्सला त्या वेळी बोलणी खावी लागली होती. ‘फ्रीडम सूट’सारखी कृष्णवर्णीयांच्या स्वातंत्र्याबद्दलची रचना १९५८ मध्येच करून बसलेल्या माणसाला ती ऐकावी लागावीत, याचं मला वाईट वाटतं.

सुरुवातीला मी सारखा शीर्षक-रचनेकडेच जायचो. वेग प्रचंड, मध्येच लय बदलते, बॉब क्रॅन्शॉचा बास आणि बेन रायलीचे ड्रम तिला तोलून धरतात. ‘जॉन एस.’सुद्धा तशीच, तुटक आणि धारदार. आता मात्र हात ‘गॉड ब्लेस द चाइल्ड’कडे जातो. बिली हॉलिडेचं हे गाणं. रॉलिन्स त्यात काहीही सिद्ध करायला जात नाही. चाल जवळजवळ सरळ म्हणतो, पण प्रत्येक स्वराचं वजन वेगळं. कुठे श्वासाची खरखर राहू देतो, कुठे स्वर संपता संपता जरा खाली सोडतो. एवढ्या वर्षांच्या रियाजाचं फळ मला इथे दिसतं: किती वाजवायचं नाही, हे त्याला कळलं आहे. ‘विदाउट अ साँग’मध्येही तोच भरवसा आहे. पुढे ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर, वर्ल्ड ट्रेड सेंटरजवळचं घर सोडावं लागलेलं असताना, चारच दिवसांनी बोस्टनमध्ये त्याने कार्यक्रम केला, तोही याच गाण्याने सुरू झाला. हे कळल्यापासून अल्बमचा पहिलाच तुकडा मला वेगळा ऐकू येतो.

शेवटचं ‘यू डू समथिंग टू मी’ मात्र मला अजून फारसं लागलेलं नाही. नीटनेटकं आहे, पण आधीच्या तुकड्यानंतर फिकं पडतं.

ऐकण्याबद्दल थोडं. लोकलमध्ये फोनवर ऐकून मत बनवू नका. गाडीच्या आवाजात बास पुसला जातो आणि हॉलची गिटार तर जवळजवळ नाहीशीच होते. उरतो एकटा सॅक्सोफोन, म्हणजे निम्माच अल्बम. घरी, रात्री, बऱ्यापैकी स्पीकरवर लावा. आवाज फार मोठा नको.

आपल्याकडच्यांना एक गोष्ट सांगायलाच हवी. हा माणूस नंतर आपल्या पवईत येऊन राहिला आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्याने पुन्हा एकदा वाजवणं थांबवलं आणि स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात मुक्काम केला. ध्यानाला बसणं जमत नाही म्हटल्यावर, तुझं वाजवणं हेच तुझं ध्यान, असं त्याला तिथे सांगितलं गेलं. एवढं मोठं नाव मुंबईत राहून गेलं, आणि आपल्या संगीतावरच्या लिखाणात त्याचा उल्लेखही सहसा सापडत नाही.

अल्बम आवडला तर संगीत समीक्षक राल्फ ग्लीसनच्या ‘जॅझ कॅज्युअल’ या टीव्ही मालिकेतलं १९६२ चं याच चौघांचं चित्रीकरण जरूर पाहा. रॉलिन्स वाजवत असताना हॉलच्या हातांकडे लक्ष ठेवा. आणि क्रांतीच हवी असेल, तर त्याच वर्षीचा, कोलमनचा साथीदार ट्रंपेटवादक डॉन चेरी याच्यासोबतचा ‘अवर मॅन इन जॅझ’ ऐका. अपेक्षाभंग झालेल्यांना जे हवं होतं ते त्याने काही महिन्यांतच तिथे देऊन टाकलं होतं.