लग्नघर की भाड्याचं घर? इंदूरमधल्या खोट्या जोडप्याची लघुकादंबरी लिहिण्याआधी

खोट्या जोडप्याची हलकीफुलकी प्रेमकथा लिहायला घेतली की नायक-नायिका कोण, हे नंतर ठरवलं तरी चालतं. हे सोंग किती दिवस वठवायचं, ते मात्र आधी ठरवायला हवं. त्यावरच प्रसंगांची संख्या, पात्रांची गर्दी आणि शेवट ठरतो. पंचवीस-तीस हजार शब्दांत बसवायचं आहे आणि कथा इंदूरच्या मराठी घरांत घडते असं धरलं, तर दोन चौकटी समोर येतात. एक, मामेबहिणीच्या लग्नात चार दिवस कुणाला तरी 'होणारा नवरा' म्हणून घेऊन जाणं. दुसरी, 'फ्लॅट फॅमिलीलाच देतो' म्हणणाऱ्या घरमालकाकडे अकरा महिने नवरा-बायको म्हणून राहणं.

लग्नाची चौकट बांधायला सोपी. केळवण, ग्रहमख आणि हळद, सीमांतपूजन, लग्न. दिवसाला पाच प्रसंग, प्रसंगाला १,४०० शब्द धरले की २८,००० होतात. घड्याळ पुरोहितांच्या हातात असल्यामुळे कथा आपोआप पुढे सरकते. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त घ्या, म्हणजे थंडी मिळते आणि थंडीबरोबर गराडू, म्हणजे तळून मसाला लावलेला कंदही. इंदूरच्या सराफा बाजाराचा तर दुहेरी उपयोग होतो. दिवसा मावशी दोघांना सोन्याच्या दुकानात नेऊन अंगठीचं माप घ्यायला लावते. रात्री दुकानं बंद झाल्यावर त्याच ओट्यांपुढे खाऊच्या गाड्या लागतात आणि तिथेच ती दोघं माप खोटं सांगितल्याबद्दल भांडतात. जागा एकच, पण दिवसा सोंग आणि रात्री खरं बोलणं.

ही चौकट फसते ती बहुतेक तीन ठिकाणी. पहिलं म्हणजे माणसं फार. लग्नात दोनशे पाहुणे असू देत, वाचकाला नावं आठच द्या. आजी, आई, मावशी, मामा, नवरी, एक चौकस आत्या, एक लहान भाचा आणि गुपित माहीत असलेली एक व्यक्ती. दुसरं, अनोळखी माणसांत चार दिवसांत प्रेम जमलं तर वाचकाला ते पटत नाही. म्हणून दोघांची आधीची ओळख हवीच. एकाच ऑफिसात तीन वर्षं एकमेकांच्या ईमेलमधल्या चुका काढणारे असले तरी पुरतं. तिसरं सगळ्यांत घातक. लग्न आटोपलं की सगळे आपापल्या घरी जाणार, मग 'आमचं जमलं नाही' असं महिन्याने फोनवर सांगितलं की प्रश्न मिटतो. वाचक हे पानोपानी मनात म्हणत असतो. त्यावर उपाय एकच. चार दिवसांनंतरही मागे उरेल अशी वस्तू कुणीतरी द्यायला हवी. आजीने स्वतःची पैठणी हातात ठेवली की ती पोस्टाने परत पाठवता येत नाही.

आणि मांडवात भांडाफोड करू नका. अंतरपाट धरलेला असताना तिसऱ्याच जोडप्याचं खोटं उघडं पडलं की नवरीचा दिवस नासतो आणि वाचक नायिकेला माफ करत नाही. पाठवणीनंतरची रात्र घ्या.

भाड्याच्या घराला तयारी जास्त लागते. अकरा महिनेच का, हे आधी समजून घ्या. नोंदणी कायदा, १९०८ प्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेकरार नोंदवावा लागतो, तो टाळण्यातून अकरा महिन्यांची पद्धत पडली. महाराष्ट्रात १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने करार लेखी आणि नोंदवलेला असावा लागतो, त्यामुळे पुण्याच्या सवयीने लिहिणाऱ्याची इंदूरच्या कथेत इथे गल्लत होऊ शकते. करारात दोघांची खरी नावं, खरी आधारकार्डं ठेवा. लग्नाचा खोटा दाखला आणलात तर प्रेमकथेत फौजदारी शिरते आणि हलकेपणा संपतो. आडनावं वेगळी पाहून घरमालकीण काकू स्वतःच म्हणतात, 'हल्लीच्या मुली बदलत नाहीत,' आणि ही दोघं खोडत नाहीत. सोंग एवढ्यावरच उभं राहू शकतं.

अकरा महिने सलग लिहायचे नसतात. सहा मुक्काम निवडा आणि प्रत्येकाला पंधराशे शब्दांचे तीन प्रसंग द्या, म्हणजे २७,००० होतात. जुलैच्या पावसात सामान चढवणं, अनंत चतुर्दशीला रात्रभर चालणाऱ्या झांक्या, म्हणजे देखाव्यांची मिरवणूक, दिवाळी, संक्रांतीचं हळदीकुंकू, रंगपंचमीला राजवाड्यापुढची गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, आणि मे महिन्यात करार संपणं. मधले महिने एका वाक्यात ओलांडा. ते जमलं नाही तर कथा दिवाळीनंतर बसते. दोघांना एकमेकांची सवय होते, आणि सवय लिहायला घेतली की पानं भरतात, पुढे काही घडत नाही.

हळदीकुंकवाचा प्रसंग मात्र या चौकटीत हातचा सोडू नका. नायिकेने बाजारातून एका खड्याचं तयार मंगळसूत्र आणलेलं असतं. काकू कुंकू लावताना ते बोटाने उचलून बघतात आणि सहज विचारतात, 'वाट्या नाहीत गं? माहेरची एक, सासरची एक, आमच्याकडे असंच.' मग बायका उखाण्याचा आग्रह धरतात. त्याचं नाव यमकात घेताना तिचा आवाज बदलतो आणि ते तिचं तिलाच कळतं. काकूंच्या लेखी ती सवाष्ण आहे. त्यांनी मनापासून भरलेल्या ओटीचं ओझं सगळ्या खोट्याहून जड असतं. लग्नाच्या चौकटीत हा टोचणारा अपराध तयार करायला पैठणी लागते, इथे मूठभर तांदूळ पुरतात.

गुपित कुणाला कधी कळतं, यातही फरक आहे. लग्नात ते गर्दीत फुटतं, भाड्याच्या घरात एकाच माणसापुढे. काकूंना ते आधीच कळलेलं असणं हे उत्तम, पण त्याच्या खुणा दोनदा आधी पेरा. गॅलरीतली वेगवेगळी वाळत घातलेली अंथरुणं एकदा, आणि एरवी 'अरे' म्हणणाऱ्या तिने तापात त्याला चुकून मारलेली परक्यासारखी 'अहो'ची हाक एकदा.

संवादांची कसोटी दोन्हीकडे सारखीच. इंदूरचा मराठी माणूस घरात मराठी बोलतो, रिक्षावाल्याशी हिंदीत 'भिया' म्हणतो आणि भांडताना दोन्ही मिसळतो. पोह्यांवर शेव आणि जिरावण मसाला असतो, हे समजावून सांगत बसू नका, नुसतं खाऊ द्या.

पहिलंच पुस्तक असेल आणि गर्दीतले चटपटीत संवाद हातखंडा असतील तर लग्न घ्या, तीन-चार महिन्यांत खर्डा पुरा होऊ शकतो. दोन माणसं ओट्याशी पाठमोरी उभी राहून भाजी चिरताहेत, एवढ्यावर दोन पानं लिहिता येत असतील तर भाड्याचं घर घ्या. आमचा कौल त्यालाच आहे. कुणी बघत नसताना त्याने पहिल्यांदा तिच्यासाठी दार धरलं, ही ओळ लिहायला लग्नघरात रिकामा जिनाच सापडत नाही.