सात महिने, नऊ सेन्सर: दंडावरच्या शुगर मॉनिटरचा अनुभव

टाइप १ डायबेटिस मला नववीपासून आहे. आता पुण्यात होस्टेलवर राहून इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष चालू आहे. जूनपासून दंडावर सीजीएम, म्हणजे सतत शुगर मोजून मोबाइलवर दाखवणारा सेन्सर लावतेय. एक सेन्सर १४ दिवस चालतो आणि मला साडेचार-पाच हजारांना पडतो, म्हणून सबमिशन आणि परीक्षेच्या दिवसांत सेन्सर, एरवी बोट टोचून ग्लुकोमीटरवर बघणं.

सगळे आकड्याबद्दल विचारतात. माझे पैसे वसूल झाले ते आकड्याशेजारच्या, शुगर चढतेय की उतरतेय ते दाखवणाऱ्या बाणामुळे. ग्लुकोमीटरने ११० दाखवलं की मी निर्धास्त वर्कशॉपला जायचे. आता तोच ११० खाली वळलेल्या बाणासकट दिसला, तर दारातच दोन बिस्किटं तोंडात टाकते. दोन तास उभ्याने फायलिंग करताना, म्हणजे कानशीने धातूचा तुकडा (‘जॉब’) घासताना शुगर कशी उतरते, ते तेव्हा कळलं. त्याआधी हात थरथरले की सर म्हणायचे, "नीट धर की जॉब!"

कँटीनचा वडापावही उघडा पडला. तेलामुळे त्याची शुगर लगेच चढत नाही, दोन-तीन तासांनी, नेमकी मॅथ्सच्या लेक्चरला चढते.

आता तक्रारी. सेन्सर रक्तातली नव्हे, कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून पाच-दहा मिनिटं मागे असतो. शुगर लो झाल्यावर साखर खाल्ली तरी तो ६२ वरच अडून बसतो. घाबरून अजून खाल्लं की थेट २५०! अशा वेळी मुकाट्याने बोट टोचावं. झोपेत दंड दाबला गेला तर रात्री तीनला खोटा अलार्म. रूममेट आता डोळेसुद्धा न उघडता म्हणते, "कूस बदल." तिसरा सेन्सर तर पाचव्याच दिवशी बसमध्ये कुणाच्या तरी सॅकच्या पट्ट्यात अडकून निघाला. तेव्हापासून वरून टेप लावते.

सांगलीहून आई तिच्या फोनवर माझी शुगर बघते. ही सोय की जाच, माझं अजून ठरत नाहीये. ओरल परीक्षेहून बाहेर आले तर तीन मिस्ड कॉल. "अगं, ६८ दाखवत होतं, खाल्लंस का काही?" खाल्लं होतं, बाहेरून आलेल्या परीक्षकांना विचारून, त्यांच्यासमोरच.

परीक्षेत मोबाइल चालत नाही, मग आकडा बघायचा कशावर, हे मला पहिल्या पेपरच्या सकाळी सुचलं. आता डॉक्टरांचं पत्र आधीच ऑफिसात देते. बाकावर पारदर्शक पाऊचमध्ये ग्लुकोमीटर आणि ग्लुकोजच्या गोळ्या. दंडावर पाच हजारांची चकती, आणि पेपरात शेवटी बोटच टोचायचं.

दहावा मागवलाय.