साठच्या दशकातला जपानी कॉकटेल ड्रम: दुरुस्ती करून काही महिने वाजवल्यानंतर

सुरुवातीलाच निकाल सांगतो: वाजतो छान, दिसतो त्याहून छान, पण बेस ड्रमची अपेक्षा ठेवून घेऊ नका. आणि जुना घेणार असाल तर चकाकीवर वेळ घालवण्याआधी पेडल आणि शेलच्या आतली पोकळी बघा. बाकी सगळं त्यानंतर.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: १४ इंच व्यासाचं, २४ इंच उंच असं एकच उभं शेल (ड्रमचं लाकडी नळकांडं), तीन पायांवर. वरचं हेड (तोंडावर ताणलेली पातळ पुडी) काड्यांनी किंवा ब्रशने वाजतं, खालच्या हेडवर पेडलचा बीटर (ठोका देणारी दांडी) खालून वर बसतो. वरच्या हेडखाली खरखर देणाऱ्या स्नेअरच्या तारा, बाजूला १० इंची एकतोंडी टॉम (छोटा ड्रम), एक सिंबल आणि काउबेल-वुडब्लॉकची दांडी. वादक उभा. १९४० ते ६० च्या दशकांत अमेरिकेतल्या छोट्या लाउंजमध्ये ड्रमरला कोपराभर जागा मिळायची, तिथे हा प्रकार चालला. ग्रेच, स्लिंगरलँड, लडविग यांनी तो बनवला, आणि साठच्या दशकात जपानी कारखान्यांनी तसेच ड्रम स्वस्तात बनवून वेगवेगळ्या विक्रेत्यांच्या बिल्ल्यांनी निर्यात केले. हा त्यातलाच: लुआन नावाच्या साध्या लाकडाच्या पातळ प्लायचं शेल, दोन्ही तोंडांना आतून मजबुतीच्या रिंगा, वर चमचमता रॅप (शेलवर चिकटवलेलं प्लॅस्टिकचं वेष्टण). लाकूड साधं आहे. आवाज मात्र कोरडा आणि गोड, ब्रशला तर फारच.

आधी शेल. मोजपट्टीने बाहेरचा व्यास तीन-चार दिशांनी घ्या. आजचं १४ इंची हेड नीट बसायला शेल साधारण १३ पूर्णांक ७/८ इंच हवं. दोन दिशांमधला फरक दीड मिलिमीटरपर्यंत असेल तर त्याकडे दुर्लक्ष करा. जुन्या ड्रममध्ये बहुतेकदा लाकूड ठीक असतं आणि काठाजवळ रॅप फुगलेला असतो. मग हेड काठावर टेकण्याऐवजी रॅपवर अडकतं, एक लग (हेड आवळायच्या रॉडचा शेलवरचा नट) आवळला की समोरचा बिघडतो, आणि माणूस तासभर ड्रम की फिरवत बसतो. उपाय सोपा आहे: काठापासून पाव इंच रॅप धारदार कटरने कापून काढायचा. ती पट्टी हूपखाली (हेड दाबून धरणाऱ्या कड्याखाली) झाकली जाते.

काठ तपासायला जाड सपाट काच लागते. काचेवर शेल उभं करा, आत टॉर्च ठेवा, खोलीतला दिवा बंद करा. साधा कागद सरकेल एवढी फट चालते. व्हिजिटिंग कार्ड सरकत असेल तर काम आहे. १२० नंबरचा पॉलिश पेपर काचेला दुतर्फा टेपने चिकटवून शेल त्यावर गोल फिरवायचं, आणि थोड्या फेऱ्यांनंतर पाव वळसा देऊन पकड बदलायची, नाहीतर हाताचा दाब एकाच बाजूला पडून नवाच उतार तयार होतो. मग २२०, मग ३२०. घासून काठाचा माथा चपटा होतो, तो हाताने हलका गोल करून घ्यावा. शेवटी काठावर मेणबत्ती फिरवावी, हेड सरकून बसतं. राउटर लावून काठ नव्याने ४५ अंशात कापून देतो म्हणणाऱ्या सुताराला नम्रपणे नाही म्हणा. एवढ्या पातळ प्लायचे टवके निघतात, आणि जुना गोलसर काठ गेला की तो मऊ आवाजही गेला.

रॅपवर थिनर किंवा एसीटोन चुकूनही लावू नका, विरघळतो. सौम्य साबणाचं पाणी, मऊ कापड आणि नंतर प्लॅस्टिकचं पॉलिश पुरतं. सांध्यावर रॅप सुटला असेल तर पांढरा फेव्हिकॉल तिथे धरत नाही. फेव्हिकॉल एसआरसारखा रबरी सरस दोन्ही बाजूंना अगदी पातळ लावा, हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबा, मग दाबा आणि रात्रभर पट्ट्याने आवळून ठेवा. जाड थर दिला तर त्यातलं सॉल्व्हंट रॅपला सुरकुत्या पाडतं. हीट गन नको. जुना रॅप सेल्युलॉइडचा असू शकतो आणि सेल्युलॉइड भसकन पेटतं.

क्रोमवरचा गंज काढायला महागडं काही लागत नाही. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासा, काळा चिखल निघतो, पुसून तेलाचा हात द्या. खड्डे पडले असतील ते राहणारच.

आट्यांकडे मात्र नीट लक्ष द्या. हरवलेल्या टेन्शन रॉडच्या (हेड ताणणाऱ्या आटेदार सळईच्या) जागी मिळेल तो रॉड घालण्याचा मोह होतो. अमेरिकन पद्धतीचा १२-२४ रॉड ५.५ मिलिमीटरच्या आसपास असतो आणि त्याला इंचाला २४ आटे. ६ मिलिमीटरचा मेट्रिक रॉड त्या नटात जातच नाही, म्हणून निदान कळतं तरी. उलटं जास्त घातक: १२-२४ चा रॉड मेट्रिक नटात सैलसर जातो, बोटाने फिरतो, सगळं ठीक वाटतं आणि खरा ताण आला की आटे सोलून बाहेर येतो. म्हणून एक रॉड हार्डवेअरच्या दुकानात नेऊन दोन्ही मापांच्या नटात फिरवून बघा आणि मगच बाकीचे मागवा. रॉड रॉकेलमध्ये बुडवून ब्रशने साफ करून ग्रीसचं बोट लावायचं. लगच्या आतली स्प्रिंग प्रत्येक ठोक्याला खुळखुळते. तिच्यात फेल्टचा किंवा फोमचा तुकडा सारून द्या.

आता मुख्य दुखणं. शेल एक आणि हेड दोन, त्यामुळे पेडल मारलं की २४ इंचांचा हवेचा खांब वर धडकतो आणि स्नेअरच्या तारा बोंब मारतात. मूळ ड्रममध्ये मध्ये पडदा नव्हता. प्लायवूडची गोल चकती घालावी असं सगळ्यांना सुचतं, पण शेलच्या आतल्या मापाची चकती तोंडाच्या रिंगेतून आत जात नाही. दोन अर्धुकं करून आत जोडावी लागतात आणि ती पुढे करकरतात. त्यापेक्षा सोफ्याचा ४० डेन्सिटीचा २ इंच जाड फोम घ्या, आतल्या व्यासापेक्षा अर्धा इंच मोठा गोल कापा आणि दाबून आत सरकवा. वरून ८ इंचांवर बसवला की वरचा भाग टॉमसारखा बोलतो आणि खाली १४ इंचांची पोकळी उरते. मधोमध ३ इंचांचं भोक ठेवा. पूर्ण बंद केलं तर खालचा आवाज पुठ्ठ्यासारखा होतो. यानंतर तारांची किरकिर सगळी जात नाही, पण निम्म्याहून कमी होते. तारांचा संचही २० ऐवजी १२ तारांचा लावला तर आणखी फरक पडतो.

हेड: वर एकपदरी कोटेड, नाहीतर ब्रश निसटतो. खाली दुपदरी क्लिअर, आणि बीटर बसतो तिथे चिकटवायचा छोटा पॅच. खालचं हेड बोटांनी आवळून अर्धा ते पाऊण फेरा, सुरकुत्या जेमतेम जातील एवढंच. वरचं दीड ते दोन फेरे. तबल्याची घरं मिळवतो तसं प्रत्येक रॉडपाशी टिचकी मारत समोरासमोरच्या जोड्यांनी जायचं. खालच्या हेडला षड्ज मानलं तर वरचं पंचमाच्या जवळ ठेवा. दोन्ही एका सुरात आली की ड्रम कितीतरी वेळ गुणगुणत राहतो. एवढं करूनही १४ इंचांतून पोटात जाणवणारा ठोका येत नाही. 'ठप्प' येतो, स्वच्छ आणि तालात पक्का. उभा बेस, गिटार आणि गायक असतील तर तो पुरतो. ढोलकीच्या धुम्याची सवय असलेल्या कानांना पहिल्यांदा हे पोकळ वाटेल.

पेडलबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण इथेच बहुतेक ड्रम माळ्यावर जातात. नेहमीच्या पेडलमध्ये साखळी आसाच्या पुढच्या बाजूने उतरते, म्हणून दाबलं की बीटर पुढे जातो. नुसता बीटर आडवा पुढे वळवला तर दाबल्यावर तो जमिनीकडे जाईल, हेडकडे नाही. कॉकटेल पेडलमध्ये पट्टा आसाच्या मागच्या, म्हणजे वादकाकडच्या, बाजूने उतरतो आणि आडवा बीटर वर उचलला जातो. मूळ पेडल हरवलं असेल तर साध्या पेडलचा बीटर वादकाकडे तोंड करून लावता येतो. तो वर जातो खरा, पण पावलाच्या वरून, त्यामुळे चवडा ड्रमखाली घालावा लागतो आणि बुटाचं टोक हमखास लागतं. शक्य असेल तर मूळ पेडल दुरुस्त करा.

ठोका बसताना बीटरची दांडी जवळजवळ आडवी असली पाहिजे. तिरकी असेल तर बीटर हेडवर घासत जातो. यासाठी पायांची उंची बदला, दांडीची लांबी नव्हे. खालचा हूप जमिनीपासून ९ ते १० इंचांवर आला की वरचं तोंड ३४ इंचांच्या आसपास येतं, साधारण उंचीच्या माणसाला ठीक. बीटर स्वतःच्या वजनाने खाली येतोच, म्हणून स्प्रिंग सैल ठेवावी, घट्ट केली तर पोटरी भरून येते. पट्टा चामड्याचा, अडीच-तीन मिलिमीटर जाड. चप्पल शिवणाऱ्याकडे तो तासाभरात होतो. नवा पट्टा पहिल्या काही आठवड्यांत ताणतो, तेव्हा पुन्हा एक भोक पाडून ओढून घ्यायचा.

आणि पेडल पायांच्या पट्टीला किंवा हूपला पक्कं जोडलेलंच हवं. सुटं ठेवलं की दर ठोक्याला शेल किंचित उचललं जातं आणि पेडल पुढे पळतं. वरून काड्यांचा मार असतो म्हणून पाय ब्रॅकेटमधून हळूहळू वर सरकतात. विंगनट पिळून पिळून आवळला तर ब्रॅकेट प्लाय फाडतो. प्रत्येक पायावर ब्रॅकेटच्या लगेच खाली पाण्याच्या नळीची होज क्लिप आवळा, पाय वर सरकणं बंद. ब्रॅकेटच्या आतल्या बाजूला रुंद वॉशर घाला. सिंबलची दांडी नेहमी एखाद्या पायाच्या बरोबर वर यावी, दोन पायांच्या मध्ये आली तर सगळं त्या बाजूला कलतं. १६ इंचांहून मोठा सिंबल लावूच नका.

हाय-हॅट (एकमेकांवर आपटणारी सिंबलची जोडी) पायाने वाजवायचा विचार सोडून द्या. उजवा पाय पेडलवर, सगळा भार डाव्यावर, तोही उचलला तर उभं कशावर राहणार? बंद हाय-हॅट दांडीवर लावून काडीने वाजवणं हा व्यवहार्य मार्ग. सपाट, पातळ तळव्याचे बूट घाला. सलग वाजवल्यावर डाव्या बाजूची कंबर धरते आणि त्यावर सेटिंगचा काही इलाज नाही, मध्ये बसायला स्टूल ठेवा.

माइक लावताना एक वरून, एक खाली हूपपासून ३-४ इंचांवर, पेडलच्या विरुद्ध बाजूला. पेडल मारलं की दोन्ही हेड वरच्या दिशेने हलतात: खालचं आपल्या माइकपासून दूर, वरचं आपल्या माइककडे. दोन माइक एकमेकांचा खर्ज खातात. मिक्सरवर एकाची पोलॅरिटी उलटी करून ऐका, जिथे बेस भरेल तिथे ठेवा.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात मायलरच्या (प्लॅस्टिकच्या) हेडला काही होत नाही. ओल धरतं ते लाकूड, आणि गंज पकडतात त्या स्नेअरच्या तारा. जून ते सप्टेंबर तारा सैल सोडून ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि ड्रम भिंतीला टेकवून ठेवू नका, त्या बाजूचा रॅप आधी सुटतो. नेताना बीटर काढून वेगळ्या पिशवीत टाका, नाहीतर धक्क्याने तो खालच्या हेडला खड्डा पाडतो. त्याच पिशवीत दोन जास्तीचे टेन्शन रॉड, एक विंगनट आणि एक कापून ठेवलेला चामडी पट्टा असू द्या.