एनसीएमसी कार्ड: १० महिने रोज टॅप केल्यानंतर

मुंबई मेट्रोने दहिसर ते गुंदवली, आठवड्याचे ५ दिवस, जाऊन-येऊन. आधी फोनवर क्यूआर तिकीट काढायचे, गेले १० महिने हा सगळा प्रवास एनसीएमसी कार्डावर (नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड, म्हणजे वेगवेगळ्या शहरांच्या मेट्रोत चालणारं एकच कार्ड) चाललाय. "घेऊ का गं हे कार्ड?" असं ऑफिसात आणि सोसायटीत इतक्या जणांनी विचारलं, की म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकू. घ्या. पण घेण्याआधी एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पहिल्याच महिन्यात वैतागून कपाटात टाकून द्याल.

या कार्डाला दोन पाकिटं असतात. एक बँकेकडे, दुसरं कार्डाच्या चिपमध्ये. मेट्रोचं गेट फक्त चिपमधलं पाकीट बघतं.

मला हे कळलं एका सोमवारी सकाळी. आदल्या रात्री बँकेच्या ॲपवरून ५०० रुपये भरले होते, मेसेजही आला होता. पावणेनऊला गेटवर कार्ड टेकवलं तर लाल दिवा. परत टेकवलं, परत लाल. मागे माणसं खोळंबली. बाजूला होऊन काउंटरवर गेले आणि फोनमधला मेसेज दाखवायला लागले. तिथल्या मुलीने तो वाचलाही नाही. कार्ड मशीनवर ठेवलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली: शिल्लक १४ रुपये. "ताई, पैसे बँकेत आलेत, कार्डात नाही आले." तिने काहीतरी दाबलं आणि १४ चे ५१४ झाले. बस, एवढंच काम होतं. पण पैसे भरताना माझ्या बँकेच्या ॲपमध्ये याबद्दल एक ओळ नव्हती. हेल्पलाइनला तीनदा फोन केला, तिन्ही वेळा "तुमचे पैसे जमा आहेत" एवढंच ऐकवलं. त्याचा राग अजून गेलेला नाही. रोज हजारो लोक वापरतात ती गोष्ट, निदान "स्टेशनवर जाऊन बॅलन्स अपडेट करून घ्या" एवढं तरी लिहा!

अशी रचना का केली, ते समजल्यावर मात्र पटलं. गर्दीच्या वेळी प्रत्येक टॅपला गेट बँकेला विचारत बसलं, तर रांग जिन्यापर्यंत जाईल. पैसे चिपमध्येच असल्यामुळे गेट तिथल्या तिथे भाडं कापतं आणि हिशेब बँकेकडे मागाहून जातो. त्या क्षणी नेटवर्क नसलं तरी अडत नाही. क्यूआर तिकिटाच्या वेळी ॲप उघडेपर्यंत समोरून गाडी गेलेली मी कितीदा पाहिलीय, त्यामुळे या वेगाची किंमत मला कळते. पिन लागत नाही, म्हणूनच चिपमध्ये २,००० रुपयांच्या वर ठेवता येत नाहीत. कार्ड हरवलं तर ते पैसे खिशातल्या नोटांसारखेच गेले, असं धरून चाला. मी ५०० च्या वर ठेवत नाही.

४ मार्च २०१९ ला हे कार्ड आलं तेव्हा कल्पना अशी होती, की प्रत्येक शहराच्या मेट्रोसाठी वेगळं कार्ड बाळगावं लागू नये. दिवाळीत पुण्याला बहिणीकडे गेले तेव्हा याचा खरा अनुभव आला. वनाज मेट्रो स्टेशनवर तिने तिचं पुणे मेट्रोचं कार्ड टेकवलं, मागोमाग मी माझं मुंबईतल्या बँकेचं. गेट उघडलं. खरं सांगते, फार बरं वाटलं.

बाबांसाठी मात्र मी मेट्रोचं मुंबई-१ कार्ड घेतलं. ते ७१ वर्षांचे आहेत आणि १ मे २०२३ पासून मेट्रो २अ आणि ७ वर ६५ च्या पुढच्या ज्येष्ठांना या कार्डावरच्या ४५ किंवा ६० फेऱ्यांच्या पासवर २५ टक्के सवलत मिळते. अपंग प्रवासी आणि बारावीपर्यंतच्या विद्यार्थ्यांनाही ती आहे. घरात कुणी असेल तर नक्की घ्या, अजून पुष्कळांना ठाऊकच नाही. बाबांची अडचण वेगळीच निघाली. त्यांचं कार्ड कधी चाले, कधी नाही. एक दिवस मुद्दाम सोबत गेले, तर ते प्लॅस्टिकचं पाऊच अख्खंच्या अख्खं रीडरवर टेकवत होते आणि त्याच पाऊचमध्ये बँकेचं टॅपवालं डेबिट कार्डही होतं. रीडरला एकदम दोन कार्डं लागली की तो गोंधळतो आणि बरेचदा दोन्ही नाकारतो. डेबिट कार्ड वेगळ्या कप्प्यात ठेवलं, तेव्हापासून तक्रार नाही.

आता जे जमलेलं नाही ते. लोकल. मुंबईकराचा निम्मा प्रवास लोकलचा आणि तिथे टॅप करायला गेटच नाहीत, पास वेगळाच काढावा लागतो. ८ ऑक्टोबर २०२५ ला मुंबई वन ॲप आलं (बाबांच्या मुंबई-१ कार्डाहून हे वेगळं), त्यात ११ वाहतूक सेवांची तिकिटं एका जागी मिळतात, हे चांगलंच आहे. पण ते फोनवरचं तिकीट झालं. बाबांसारख्यांना ॲप नको असतं, हातात धरता येईल असं कार्ड हवं असतं. दहिसरला मेट्रोतून उतरून लोकलच्या फलाटावर जाईपर्यंत तेच कार्ड चालावं, एवढंच माझं मागणं आहे.

तोवर आमचं वेळापत्रक ठरलेलं आहे. दर रविवारी संध्याकाळी बाबा फिरायला निघतात, तेव्हा माझं कार्ड घेऊन जातात आणि स्टेशनच्या काउंटरवर बॅलन्स अपडेट करून आणतात. मशीनवरचा आकडा घरी येऊन मला सांगतात, मग मी चहा टाकते.