सव्वा वर्ष ऑनलाइन बचत खातं वापरल्यावर: बाकी सगळं सोसलं, पासबुक नाही हे मात्र सोसवत नाही

रविवार, 24 ऑगस्ट 2025. गणपती तीन दिवसांवर आलेले. दादरच्या बाजारात कंठी, आसनाचं कापड, नारळ, सुपाऱ्या असं सगळं मिळून 1,140 रुपये झाले. क्यूआर स्कॅन केला, पिन टाकला, आणि फोनवर लाल फुली आली. परत केलं, परत फुली. मागे माणसं खोळंबलेली. दुकानदार भला माणूस, म्हणाला, "ताई, नेटवर्क असेल, बाजूला उभ्या राहून करा." नेटवर्क नव्हतंच. माझ्या खात्यात 83 हजार रुपये होते आणि त्यातला एक रुपयाही मला काढता येत नव्हता. शेवटी नवऱ्याला फोन करून त्याच्याकडून पैसे पाठवून घेतले.

असं का झालं ते सविस्तर सांगते. ऑनलाइन खातं उघडू की नको असं गेल्या महिन्याभरात मला तिघीजणींनी विचारलंय, आणि जाहिरातीत नेमकं हेच कुणी सांगत नाही.

खातं मी 23 ऑगस्ट 2024 ला उघडलं. एका स्मॉल फायनान्स बँकेचं, म्हणजे छोट्या ठेवीदार-कर्जदारांसाठीच्या बँकेचं. नाव घालत नाही. आधार नंबर, मोबाइलवर आलेला ओटीपी, पॅन, की खातं तयार. विक्रोळीत कन्नमवार नगरात घरी बसून दहा मिनिटांत झालं. माझ्या जुन्या बँकेत पत्ता बदलायला दोन अर्धे दिवस रजा गेली होती, त्यामुळे मी भारावून गेले होते. शेवटी एक पडदा आला, "व्हिडिओ केवायसी आत्ता करा किंवा नंतर". केवायसी म्हणजे बँकेने करायची ओळख-पडताळणी, ती इथे व्हिडिओ कॉलवर. मी "नंतर" दाबलं. स्वयंपाक राहिला होता.

त्या "नंतर"चा अर्थ मला वर्षाने कळला. नुसत्या ओटीपीवर उघडलेलं खातं रिझर्व्ह बँकेच्या नियमात अर्धं खातं असतं. त्यात एका वेळी 1 लाखाच्या वर शिल्लक ठेवता येत नाही, आर्थिक वर्षात एकूण 2 लाखांच्या वर जमा करता येत नाही, आणि एका वर्षाच्या आत समोरासमोर किंवा व्हिडिओवर पूर्ण केवायसी झाली नाही तर ते खातं चालू ठेवता येत नाही. माझं वर्ष 23 तारखेला भरलं आणि 24 ला दादरला माझा हात थांबला. बँकेने कळवलं होतं का? कळवलं होतं. कर्ज घ्या, कार्ड घ्या, विमा घ्या अशा रोजच्या पाच-सहा संदेशांच्या गर्दीत दोन संदेश केवायसीचे होते. माझा राग याच गोष्टीवर आहे. कर्जाच्या जाहिरातीला आणि खातं बंद पडण्याच्या सूचनेला तुम्ही एकच आवाज लावलात, तर माणसाने ओळखायचं कसं?

आता व्याजाचं. मी खातं उघडलं ते 7 टक्के वाचून. स्टेट बँकेचा बचतीचा दर तेव्हा 2.70 होता (आता 15 जून 2025 पासून 2.50). माझे 80 हजार, म्हणजे वर्षाला 5,600 रुपये, असा हिशोब मी भाजी निवडता निवडता करून टाकला होता. प्रत्यक्षात हातात आले साधारण 2,800. का, तर 7 टक्के फक्त 1 लाखाच्या वरच्या रकमेला, आणि पहिल्या लाखाला साडेतीन. म्हणजे ज्या खात्यात 1 लाखाच्या वर ठेवायला नियमानेच बंदी, त्या खात्याची जाहिरात 1 लाखाच्या वरच्या दराने केलेली! हे मी दोनदा वाचलं तेव्हा खरं वाटलं. जुन्या बँकेत 2,160 मिळाले असते, म्हणजे फायदा 640 चा. त्यातून डेबिट कार्डाचे वर्षाचे 199 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, मिळून जवळजवळ 235 गेले. उरले 405 रुपये. एवढ्यासाठी मी वर्षभर नवं ॲप, नवा पिन, नवा पासवर्ड सांभाळत होते.

रोख भरायची सोय नाही, हेही सांगून ठेवते. आमची बाराजणींची भिशी आहे, पैसे रोखीने मिळतात. या बँकेची जवळची शाखा ठाण्यात. मग रोख आधी जुन्या बँकेत भरायची आणि तिथून नेफ्टने, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत ऑनलाइन पैसे पाठवायच्या सोयीने, इकडे पाठवायची. नेफ्टला पैसे पडत नाहीत आणि ते रात्रीही होतं, तेवढं बरं. तेव्हा जुनं खातं बंद करून पूर्ण ऑनलाइन जाण्याचा विचार असेल तर तो सोडा. एटीएमचंही तसंच. यांची स्वतःची एटीएम कुठे दिसत नाहीत, दुसऱ्या बँकेचं वापरावं लागतं, आणि मुंबईत महिन्याला तीनच वेळा फुकट. नुसती शिल्लक बघितली तरी ती मोजली जाते. चौथ्या वेळेला 1 मे 2025 पासून 23 रुपयांपर्यंत, वर जीएसटी. मी एकदाच हे भरले, परत नाही.

इथपर्यंतचं मी ऑगस्टअखेर लिहून ठेवलं होतं आणि खाली "उघडू नका" असं लिहिणार होते. त्यानंतर जे झालं त्याने माझं मत थोडं बदललं, म्हणून तेही लिहिते.

खातं सुरू करायला व्हिडिओ केवायसी करावीच लागणार होती. पहिल्या वेळेला पॅन कार्डावर ट्यूबलाइटची चमक पडत होती. पलीकडची मुलगी म्हणत होती, थोडं तिरकं धरा, आता सरळ, आता लांब. चमक काही हटेना, कॉल संपवला. दुसऱ्या वेळेला शेजारच्या इमारतीचं पाडकाम चालू होतं, तिला माझं बोलणंच ऐकू येईना. तिसऱ्या वेळेला सगळं नीट चाललं होतं. तिने जन्मतारीख विचारली. मी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून आईने माझी तारीख सांगून टाकली, महिन्यासकट. मुलीचा चेहरा एकदम गंभीर झाला. "मॅडम, तुमच्यासोबत खोलीत कोण आहे?" मी म्हटलं, आई आहे. ती म्हणाली, "सॉरी मॅडम, मला हा कॉल रद्द करावा लागेल." आणि केला.

मला तेव्हा भयंकर चीड आली होती. नंतर वाचलं तर नियमच तसा आहे. ग्राहकाला बाजूने कुणी सांगतंय, पढवतंय असं दिसलं तर प्रक्रिया नाकारायची. आणि शांतपणे विचार केला तेव्हा पटलं. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला पुढे बसवून, मागून उत्तरं पुरवून त्याच्या नावाने खातं उघडणारे लोक आहेत. फसवणुकीचे पैसे फिरवायला अशी भाड्याची खाती लागतात. त्या मुलीने आईचा आवाज ऐकून कॉल तोडला, म्हणजे ती कामावर लक्ष देऊन बसली होती.

चौथ्यांदा रात्री नऊनंतर केलं. आईला शेजारी पाठवलं, खिडकीकडे पाठ न करता बसले, पॅनखाली काळी वही धरली म्हणजे चमक येईना. मुलगी मराठी बोलणारी निघाली. कोऱ्या कागदावर सही करून दाखवली, चार प्रश्न झाले, सहा मिनिटांत संपलं. दुसऱ्या दिवशी दुपारी खातं मोकळं झालं आणि 1 लाखाची अटही गेली.

सप्टेंबरमध्ये दुसरी गोष्ट झाली. घाटकोपर स्टेशनबाहेरच्या एटीएममधून 3,000 काढायला गेले, खात्यातून वजा झाले, मशीनमधून नोट आली नाही. जुन्या बँकेत असं झालं होतं तेव्हा अर्ज, शाखा, "सायबांना भेटा" असं तीन आठवडे चाललं होतं. इथे मी काहीही केलं नाही. रात्री झोपायच्या आधी पैसे परत जमा. रिझर्व्ह बँकेचा नियम पाच दिवसांचा आहे, त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते. त्याच्या कितीतरी आधी झालं. हे मला मनापासून आवडलं.

त्यानंतर एका मुदत ठेवीची मुदत पुरी झाली होती, त्यातले 60 हजार इकडे वळवले. आता खात्यात 1 लाख 40 हजार. वरचा दर दरम्यान साडेसहावर आलाय, कारण 2025 मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) उतरला तसे सगळ्यांनीच दर उतरवले. तरी हिशोब असा: पहिल्या लाखाचे 3,500, वरच्या 40 हजारांचे 2,600, एकूण 6,100. जुन्या बँकेत अडीच टक्क्यांनी 3,500. कार्डाचे 235 वजा केले तरी अडीच हजारांच्या आसपास जास्त मिळतात. आमच्या घरात ही रक्कम लहान नाही, लेकाच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघतो.

बँक बुडाली तर, हे आईने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मुंबईच्या माणसाने विचारायलाच हवं. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला हजार रुपयेच काढता येत होते, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर आले तेव्हा पहिल्यांदा तेवढेही नाही. ठेव विमा एका बँकेत एका माणसाला व्याज धरून 5 लाखांपर्यंत आहे, फेब्रुवारी 2020 पासून. स्मॉल फायनान्स बँकांनाही तो लागू आहे. तेव्हा माझं ठरलंय, इथे 5 लाखांच्या जवळपासही जायचं नाही.

आणि आता पासबुक.

मला माहीत आहे, ॲपमध्ये सगळं दिसतं. तरीही पासबुक नाही, आणि याचा मला रोज त्रास होतो. अण्णा, माझे वडील, 2017 मध्ये अचानक गेले. आईला त्यांच्या पैशाअडक्याची काहीही कल्पना नव्हती. कपाटात धोतरांच्या घडीखाली रबराने बांधलेली तीन पासबुकं निघाली. त्यातल्या एका बँकेचं नावसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं. शेवटची नोंद बघितली, शाखेत गेलो, आणि आईला तिचे पैसे मिळाले. ती पुस्तकं नसती तर त्या पैशांचा पत्ता आम्हाला कधीच लागला नसता. उद्या मला काही झालं तर माझ्या लेकाला काय सापडणार? एक कुलूपबंद फोन.

म्हणून महिन्याला खातेउतारा छापायचा ठरवलं. पीडीएफला पासवर्ड असतो, नावाची चार अक्षरं आणि जन्मतारीख. झेरॉक्सच्या दुकानात पोरगा म्हणाला, "पासवर्ड बोला." मागे चारजण उभे होते. मी न छापता परत आले. आता ऑफिसातल्या प्रिंटरवर काढते आणि दोनशे पानी वहीत चिकटवते. पहिल्या पानावर बँकेचं नाव, खाते क्रमांक, ग्राहक सेवेचा नंबर. पिन आणि पासवर्ड अर्थातच नाही. वही आईच्या कपाटात.

हे करताना लक्षात आलं की वारसाचा (नॉमिनीचा) रकाना कोरा आहे. तिथेही मी "नंतर" दाबलं होतं. ॲपमध्ये मेनूच्या तिसऱ्या पातळीवर तो सापडला, आणि लेकाचं नाव घालायला दोन मिनिटं लागली. 1 नोव्हेंबर 2025 पासून चार जणांपर्यंत वारस लावता येतात. ज्यांची ऑनलाइन खाती आहेत त्यांनी कृपा करून हा रकाना आजच उघडून बघा.

तिघींना मी जे सांगितलं ते हे: जुनं खातं ठेवून दुसरं म्हणून उघडायचं असेल तर उघडा. व्हिडिओ केवायसी त्याच बैठकीत, वारस त्याच बैठकीत. दराच्या खालची बारीक अक्षरं वाचा, आणि 1 लाखाच्या आत ठेवणार असाल तर माझ्यासारखे 405 रुपये मिळतील, तेवढ्यासाठी हवंय का ते तुम्ही ठरवा.

आईसाठी मात्र उघडलेलं नाही. परवा तिला हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनच्या बँकेत नेलं होतं. काम झाल्यावर ती पासबुक भरायच्या मशीनपुढे गेली. पुस्तक आत सरकवलं, मशीन कुरकुरलं, एक पान भरलं की बाहेर यायचं, ती उलटून परत आत घालायची. तीन पानं भरली. मग कठड्याशी उभं राहून तिने बोट लावून एकेक ओळ वाचली आणि मला विचारलं, "तुझ्या त्या बँकेचं कुठे भरतात गं?"

त्याच रात्री मी बँकेला मेल केला. वर्षाला शंभर रुपये घ्या, टपालाचा खर्च वेगळा घ्या, पण छापील पासबुक द्या. हा माझा तिसरा मेल. आधीच्या दोन्हींना "आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे" एवढंच उत्तर आलंय. याला काय येतं ते कळवीन.